झाडू ठेव, व्हर्डी

मी रानवाटाणा बोलतोय. वाटाणा म्हणतात म्हणून तोंडात टाकू नका, कडूजहर हाय मी, पोट धरून बसाल. मंग म्हणाल, सांगितलं न्हाई.

माझं फूल निळं. कणसासारखा उभा तुरा, त्येला खालपासून वरपर्यंत फुलं. पान तळहातासारखं, बोटं पसरलेली. रात्री पडलेलं दव पानाच्या मधोमध एका थेंबात धरून ठेवतो, ऊन तापेस्तोवर सोडत न्हाई. सूर्य जिकडं, तिकडं माझी पानं. झालं, गोड बोलायचं तेवढं बोलून झालं. आता खरं बोलतो, कारण माझं डोस्कं फिरलंय.

मला मारायला कुणी दुश्मन आला न्हाई. हरणं पाला खातात, खाऊ द्या, पाला परत येतो. मला मारत आली ती माझ्यावर जीव टाकणारी बाई. जपून जपून मारत आली.

पैल्यापासून सांगतो.

आमची जमीन म्हंजी तुमच्यापासनं साता समुद्रापारची पांढरी वाळू. पाणी पडलं की सरळ पाताळात. तीत उंच पाइनची झाडं, हातभर लांब सुयांसारख्या पानांची, आन् खाली तारेसारखं ताठ गवत. बाकी काही धड येत न्हाई. लोक म्हणायचे, रानवाटाणा जमीन खातो, म्हणून त्यो असतो तिथं दुसरं पीक येत न्हाई. आरं खुळ्यांनो, तिथं काही येत नव्हतं म्हणून तर मी तिथं! उलट माझ्या मुळांच्या गाठींनी मी त्या उपाशी वाळूला चार घास घातले. पण ऐकतंय कोण. चोर सोडून संन्याशाला फाशी.

माझा जन्म म्हणाल तर आईनं मला फेकून दिलं. आमच्यात पोराला पाळण्यात घालत न्हाईत. शेंग वाळली, तिला पीळ बसला, टक् दिशी फुटली आन् मी लांब वाळूत जाऊन पडलो. अंगावर कवच असं की दगडाची बहीण. तसाच झोपून राहिलो, किती वर्सं देव जाणे. आमच्याकडचं कासव जमिनीत बीळ करून राहतं, त्येनं एकदा बीळ उकरताना मला हितनं उचलून तितं टाकला. तरी जाग न्हाई.

मला जागं केलं लिअँडरनं.

लिअँडर म्हंजी ह्या रानाचा धनी. दांडगा गडी, बोलायला थोडका, हसायला मोकळा. त्येचा बाप, त्येचा आजा, सगळे हिवाळा सरता सरता रान पेटवायचे. दरसाल न्हाई, एक-दोन सालाआड. वैरानं न्हाई, शेतकरी नांगरट करतो तसं. चांगला पाऊस पडून गेल्यावर, वारा एकाच अंगानं धरून वाहतोय असं बघून, वाऱ्याच्या उलट बाजूनं आग धरायची. म्हंजी ती पळत न्हाई, गाभण गाईसारखी सावकाश सरकती. हातात पाचोळा ओढायचं दाताळं, खांद्यावर ओलं गोणपाट. लिअँडर पेटलेल्या सुयांचा पुंजका दाताळ्यानं ओढत रानभर रेघ मारत जायचा, जशी बाई रांगोळी ओढती. आग गुडघ्याएवढी. पाइनला तिचं काही न्हाई, त्येची साल जाड. मरायची ती खुरटी ओकची झुडपं, जी फुकटची सावली करून बसतात.

त्या धगीनं माझं कवच तडकलं. डोक्यावर उघडं आभाळ, अंगाला गार राख. मी मूळ खाली सोडलं ते सोडतच गेलो.

त्याच हिवाळ्यात लिअँडरनं लगीन केलं. बायको व्हर्डी. ती नदीकाठच्या काळ्या मातीतली, तिथं काठी रोवली तरी पालवी फुटती. ही हितं आली आन् पांढरी वाळू बघून रडायलाच लागली. वर आमच्याकडची रीत अशी की अंगणात गवताचं पातं ठेवायचं न्हाई. गवत म्हंजी साप, गवत म्हंजी घराला आगीचं भ्या. रानातल्या डहाळ्या बांधून झाडू करायचा आन् अंगण असं झाडायचं की वाळूवर रेघा उमटल्या पायजेत. कबरींचंही तसंच, वर वाळू, वाळूवर रेघा. ज्या बाईच्या अंगणात रेघा न्हाईत तिला कोण आळशी म्हणणार न्हाई? व्हर्डीनं रडत रडत झाडायला घेतलं आन् सालभरात तिच्यासारख्या रेघा पंचक्रोशीत कुणाच्या नव्हत्या. त्या झाडूनंच पुढं माझा घात केला, पण ते नंतर.

मला तुरा यायला पुढचा वसंत उजाडला. मी एकटा न्हाई, त्या उतारावर आम्ही एवढे की जमीन कुठली आन् आभाळ कुठलं कळू नये. रविवारी चर्चमधनं परत येताना लिअँडरनं गाडी थांबवली आन् तिला हाताला धरून वर आणली. रात्री पाऊस पडून गेलेला.

"हे बघ," त्यो म्हणाला.

"अगो बया! कुणी लावलं?"

"मी."

"खोटं बोलू नगंस. तुला साधी मिरची लावता येत न्हाई."

"लावलं न्हाई. जाळलं. तू रडत व्हतीस ना, रंग न्हाई रंग न्हाई म्हणून? मी रान पेटवलं. झालं."

"आगीनं कुठं फुलं येतात?"

"तुझा बाप मला म्हणाला व्हता, पोरगी लई तापट हाय, बघ बाबा. मी म्हटलं, चालंल. आमच्याकडं तापल्याबिगर काही उगवतच न्हाई."

ती हसली. खाली वाकली. समोर मीच व्हतो. माझ्या पानातला थेंब तिनं बोटावर घेतला आन् त्येच्या कानामागं लावला. तवापासून त्या दोघांची मी खूण झालो. माझ्याशेजारी एक जुन्या पाइनचा बुंधा व्हता, राळेनं गच्च भरलेला, कधी न कुजणारा. त्येच्यावर बसून ती दोघं दर वसंतात डब्यातलं खायची. तळलेली कोंबडी, मक्याचा पाव. हाडं मुंग्यांना. मी ऐकायचो त्येंचं. भांडणंही ऐकली. पोर झालं न्हाई त्येचं रडणंही ऐकलं.

असं चाललं व्हतं. त्यो जाळायचा, मी फुलायचो, ती बघायची. कुणाचं काही चुकत नव्हतं.

मंग एका हिवाळ्याच्या शेवटाला लिअँडर एकटाच आला. केस पांढरे, पावलं जड. उलटी आग धरली, पहिली रेघ ओढली आन् दम लागला म्हणून बुंध्यावर टेकला. बसायच्या आधी सवयीनं बुंध्याभवती दाताळं फिरवून सुया बाजूला ओढल्या. पक्का माणूस. आग आली, त्या गोल रिंगणाला वळसा घालून पुढं गेली, त्येच्या बुटाच्या नाडीलाही धग लागली न्हाई. पण त्यो उठला न्हाई. छातीनं दगा दिला.

व्हर्डी धूर बघून वर आली तवा सगळं रान काळं, आन् त्या काळ्याच्या मधोमध बुंध्यावर तिचा नवरा, हातात गोणपाट.

तिनं काय बघितलं ते मला कळतं. पण तिनं काय समजलं त्येच्यावर मला आजही राग येतो. तिनं समजलं की आगीनं नेला.

घरातल्या काड्यापेट्या तिनं ओढ्यात फेकल्या. शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून टाकलं, माझ्या रानात जो काडी ओढंल त्येला बंदूक दाखवीन. त्याच वसंतात आम्ही फुललो, शेवटचे असे भरभरून. ती आली, बुंध्याला हात लावून उभी राहिली आन् लिअँडरला नेहमी मारायची तीच हाक मारून म्हणाली, "ली, हितं एक तरी फूल असंल तोवर तू गेलास असं मी मानणार न्हाई."

ऐकलंत? एवढा भरवसा माझ्यावर. आन् मंग लागली ना माझ्या मुळावर उठायला!

आधी कुंपण घातलं. डुकरांच्या वाड्याची तार आणली आन् बुंध्याभवतीचा आमचा तुकडा वेढून टाकला. ठीक हाय, मी म्हटलं, हरणं तरी येणार न्हाईत. मंग उन्हाळ्यात बादल्या भरभरून पाणी. आरं, मी वाळूतला! माझं मूळ दोन पुरुष खाली गेलंय ते काय ह्या बादलीसाठी? माझ्या शेजारच्या दोघांची मुळं कुजली त्या पाण्यानं. ते दोघं मेले तसं बाईनं आणखी पाणी घातलं.

आन् मंग झाडू.

लिअँडर चर्चच्या कबरस्तानात पुरलाय. पण तिच्या लेखी खरी कबर ही, बुंध्याची, कारण त्येचा जीव हितं गेला. मग कबर म्हटली की झाडणं आलंच. एरवी शनिवारी, आन् मे महिन्यात तर कबरी सजवायचा रविवार असतो, सगळं गाव आपापल्या माणसांच्या कबरी झाडून, फुलं मांडून, मैदानात पंगत बसवतं. त्या रविवारी ती पहाटेच हितं यायची. गुडघे टेकून आमच्या बुडखांमधनं, पानापानाखालनं अशी झाडायची की एक सुई राहू नये. वाळूवर रेघा. सुंदर! चित्र काढल्यासारखं!

मे महिन्यात माझं काय चाललेलं असतं ठावं हाय? शेंगा फुटत असतात. टक्, टक्, टक्. सगळं साल पोसलेलं बी आम्ही वाळूवर टाकत असतो आन् मागनं ही बाई झाडू घेऊन सगळं गोळा करतीय! माझी पोरं, सुयांसकट, काटक्यांसकट, टोपलीत! आन् टोपली नेऊन ओततीय कुंपणाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकडं रस्ता वळतो तिथल्या ढिगावर. मी बोंबलतोय, "ठेव ग तो झाडू! ठेव!" पण माणसाच्या कानाला आमचा आवाज म्हंजी वाऱ्याची झुळूक.

दर वर्सी हेच. जुने आम्ही म्हातारे होऊन मरायचे, नवा एक उगवायचा न्हाई. कुंपणाबाहेर ओकची झुडपं माजली, त्येंची सावली आत आली. आम्ही शंभरावर व्हतो, मंग मूठभर, मंग मोजायची गरजच उरली न्हाई. व्हर्डी रडायची, "ली, हे जातायत रे. मी एवढं करते तरी जातायत."

एवढं करतीस म्हणूनच जातोय, बाई!

एक माणूस व्हतं ज्येला थोडं कळत व्हतं. मोझेल. लिअँडरची थोरली बहीण. ऐंशीच्या पुढची, हातात काठी, खालच्या ओठात तपकीर. ओढ्यावर गळ टाकायला जाताना कुंपणापाशी थांबायची आन् वाद उकरून काढायची.

"व्हर्डी, ह्या रानाला आग दाव. गुदमरलंय ते."

"आगीचं नाव काढू नगंस. त्या आगीनं तुझा भाऊ खाल्ला."

"आगीनं न्हाई, त्येच्या छातीनं खाल्ला. डॉक्टर सांगून दमला, डुकराची चरबी सोड. ह्यो सकाळ-संध्याकाळ पावावर थापून खायचा. आन् थापून कोण द्यायचं? तू! मंग चुलीला बंदूक का न्हाई दाखवत?"

"मोझेल, जा तुझ्या माशांकडं."

"जाते. मासे तरी ऐकून घेतात."

मोझेल थुंकली आन् गेली. व्हर्डीनं झाडू उचलला. मी डोस्कं आपटलं असतं, पण मला डोस्कं न्हाई.

पुढं एका उन्हाळ्यात वीज पडली. आमच्यावर न्हाई, आमचं नशीब तेवढं कुठलं. खालच्या वळणावर एक पाइन व्हता, त्येच्यावर. ठिणग्या ढिगात पडल्या. व्हर्डीनं वर्सानुवर्सं ओतलेला त्यो ढीग, सुया, काटक्या, जुने मोडके झाडू, सगळं धडधडा जळलं, आजूबाजूची दोन-चार ओकची झुडपंही गेली. तेवढ्यात पाऊस आला आन् विझलं. व्हर्डी तीन रात्री बादली भरून जागी बसली. मी इथनं बघत व्हतो आन् जळत व्हतो, आग न लागता.

एक वसंत नुसता पाला आला तिथं. दुसऱ्या वसंतात एके सकाळी मोझेलची हाक आली, काठी कुंपणावर आपटत.

"व्हर्डी! अगं ए व्हर्डी! खाली ये. तुझा नवरा खाली राहायला गेलाय बघ."

"काय बरळतीस?"

"ये तर. हात दे. तुझ्या कुंपणात दोन फुलं हायत ना? मोजून ये, मंग चल."

त्या दिवशी कुंपणात खरंच दोघंच राहिलो व्हतो. मी आन् माझ्यापलीकडं एक पिवळा पडलेला. दोघी उतार उतरल्या. ढिगाच्या जागी निळं रान उठलं व्हतं. दाट, तुऱ्याला तुरा लागलेला, भुंगे आत शिरायला भांडत व्हते. वारं खालनं वर येत व्हतं म्हणून मला सगळं ऐकू आलं.

व्हर्डी जे बोलली ते ऐकून माझी पानं मिटली.

"मोझेल, तू चोरलीस."

"काय?"

"माझी फुलं. वरनं उपटून हितं लावलीस. मला शिकवायला. तू लहानपणापासनं अशीच, ली सांगायचा मला."

"मी?" मोझेलनं तपकीर थुंकली. "अगं, मला माझे मोजे घालायला वाकता येत न्हाई! काल एक मोजा निळा आन् एक काळा घालून मी चर्चला गेले, आन् पाद्री त्येच्यावर प्रवचन देता देता राहिला. मी वाकून फुलं लावीन?"

"मंग कुणी?"

"ते तू मला सांग. ढीग कुणाचा?"

व्हर्डी गुडघ्यावर बसली. राखेची काळी वाळू बोटांनी बाजूला केली. त्यात तार निघाली, पिळा घातलेली. झाडू बांधायची तिची तार, पिळा तिच्याच हातचा, शेवटी डावीकडं दुमडलेला. एक निघाली, दुसरी निघाली. काड्या जळून गेल्या व्हत्या, तारा राहिल्या व्हत्या. एकेका सालाचा एकेक झाडू. तारांच्या भवती, तारांच्या आतनं, माझी नातवंडं उगवलेली.

तिनं त्या सगळ्या तारा ओट्यात गोळा केल्या.

"मी फेकत व्हते," ती म्हणाली. "मोझेल, मीच टोपल्या भरभरून फेकत व्हते."

"व्हय."

"तुला ठावं व्हतं?"

"ठावं असतं तर बोलले नसते? मी गप बसणारी बाई हाय का? मला वाटलं नुसत्या आगीचं हाय. झाडूचं मलाही आज कळलं."

मला वाटलं, सुटलो! अखेर बाईच्या डोस्क्यात उजेड पडला. आन् दुसऱ्या दिवशी ती काय घेऊन आली? फावडं!

हो. तिनं ठरवलं, खाली लई हायत, तर थोडी उपटून वर कुंपणात लावू, लीच्या शेजारी. मी वरनं ओरडतोय, "अगं आमचं मूळ सरळ खाली जातं, खाली! ते वाटेत तुटलं की संपलं!" पहिल्याच झाडाला तिनं फावडं घातलं, वर उचललं, आन् कट् आवाज आला. हातात पाला आन् बोटभर मूळ. तरी तिनं ते वर आणून माझ्याशेजारी रोवलं, पाणी घातलं. संध्याकाळपातूर मान टाकली त्येनं. माझं नातवंड माझ्या डोळ्यादेखत. एक शब्द बोलायला मला तोंड असतं तर मी तिला काय काय म्हटलं असतं, ते हितं सांगण्यासारखं न्हाई.

संध्याकाळी ती त्या मेलेल्या पाल्याशेजारी बुंध्यावर बसली. मोझेलही काठी टेकत वर आली, धापा टाकत.

"लगीन झालं त्येच्या पुढच्याच वसंतात त्येनं मला सांगितलं व्हतं," व्हर्डी हळू बोलली. "लावलं न्हाई, जाळलं. मी हसले व्हते."

"मंग?"

"मला भ्या वाटतं, मोझेल. ज्या दिवशी मी हितं आग लावीन, त्या दिवशी मला त्यो परत तसाच दिसंल. धुरात बसलेला."

मोझेल पैल्यांदाच टोमणा मारायचा विसरली. मंग म्हणाली, "दिसू दे की. तू त्येला जाळताना कधी बघितला न्हाईस म्हणून तुला त्यो मेलेलाच दिसतो. मी लहानपणी त्येच्यासंगं जाळायला जायचे. आग लावताना त्यो गाणं म्हणायचा. वाईट गळा. रेड्यासारखा. तू कधी ऐकलास?"

"न्हाई. मी अंगण झाडत असायचे."

"बघ."

पुढच्या हिवाळ्याच्या शेवटाला वन खात्याला फोन करून परवानगी काढली. पाऊस पडून गेला व्हता, वारा उत्तरेचा, धरून. चर्चमधनं चार माणसं आली, दाताळी घेऊन, ओली गोणपाटं घेऊन. मोझेल घडीच्या खुर्चीवर बसून सगळ्यांना शिव्या देत व्हती. व्हर्डीनं आधी कुंपणाची तार कापली, गुंडाळली आन् लांब टाकली. लिअँडरचं दाताळं तिच्या हातात. पहिली काडी ओढली, विझली. दुसरी ओढली, विझली.

"अगं, चुलीवर मुलाला दूध तापवायचंय असं समज," मोझेल ओरडली.

"मला मूल न्हाई!"

"मंग काय झालं, मलाही न्हाई! ओढ काडी!"

तिसरी पेटली. सुया पेटल्या. व्हर्डीनं पेटलेला पुंजका दाताळ्यात धरला आन् चालायला लागली, एकेक पाऊल, मागं आगीची रेघ ओढत. वाळूवर झाडूच्या रेघा ओढणारा हात त्यो, रेघ सरळ येणारच. मला त्यो वास आला. किती वर्सांनी! ओक चुरचुरायला लागले. मी मनात म्हटलं, ये, ये बाई, हितं ये.

आन् आग बुंध्यापाशी यायच्या आधी तिनं काय करावं?

तिनं दाताळं उलटं धरलं आन् बुंध्याभवती गोल फिरवून सगळ्या सुया बाजूला ओढल्या. लिअँडरनं केलं तसंच रिंगण. बुंधा राळेचा, एकदा पेटला तर कोळसा होईस्तोवर थांबला नसता, आन् त्यो तिला जाऊ द्यायचा नव्हता. मला कळतं. पण रिंगणात बुंध्याच्या बुडाला कोण हाय? मी हाय! सगळ्या रानाला आग मिळाली, एवढी वर्सं वाट बघणाऱ्या मला न्हाई! पिवळा शेजारीही जळला, नशिबवान. आग माझ्यापातूर आली, रिंगणाला वळसा घातला आन् पुढं निघून गेली. जसं मांडवात सगळ्यांना वाढून झाल्यावर ताट आपल्यासमोरनं उचलून न्यावं.

व्हर्डी धुरात उभी राहिली. बुंध्याकडं बघत. मोझेल खुर्चीवरनं गाणं म्हणायला लागली, लिअँडरचं असावं, कारण लई वाईट व्हतं. व्हर्डी रडली का हसली मला धुरात दिसलं न्हाई.

ह्या वसंतात उतार परत हिरवा झाला. शेजाऱ्याची मुळं खालनं फुटली, वाळूत झोपलेली कोण कोण जागी झाली, तुरे पुढच्या सालाला येतील. मलाही एक तुरा आला. एकच. वर उजेड मोकळा झाला म्हणून. पण माझं मूळ आतनं गेलंय, त्या बादल्यांनी. ह्यो माझा शेवटचा. मला फसवायचं कारण न्हाई.

आज कबरी सजवायचा रविवार. पहाटे व्हर्डी आली. हातात नवा झाडू. नव्या डहाळ्या, नवी तार, डावीकडं दुमडलेली.

एवढं झालं, एवढं जळलं, आन् ही परत झाडू घेऊन!

तिनं खालच्या रस्त्यापासनं झाडत आणलं. पायवाट पांढरीशुभ्र, रेघा सरळ. जळलेल्या जमिनीच्या कडेला येऊन थांबली. मंग सवयीनं बुंध्याकडं वळली, रिंगणात. गुडघे टेकले. झाडू माझ्या पानाखाली घातला.

ऊन नुकतंच शेंगांवर आलं व्हतं. माझी सगळ्यात खालची शेंग पिळली आन् फुटली. टक्! बी सरळ तिच्या गालावर बसलं.

"ओय!" ती मागं सरली. गाल चोळला. मांडीवर पडलेलं बी उचललं. दुसरी शेंग फुटली. तिसरी. ती तशीच बसून ऐकत राहिली. एवढी वर्सं तिनं हा आवाज ऐकला नव्हता, झाडूच्या खरखरीत.

"ली," ती म्हणाली, "तुझ्या वाटाण्यानं मला मारलं बघ."

मंग ती उठली. झाडू बुंध्याला टेकवून ठेवला. वाळूत पडलेली माझी पोरं एकेक करून वेचली, मूठ बांधली, जळलेल्या जमिनीवर गेली आन् हात मागं नेऊन अशी लांब फेकली की माझ्या आईनंही मला एवढं लांब फेकलं नव्हतं. परत आली ती झाडू न घेताच उतरून गेली. चर्चच्या कबरी राहिल्या व्हत्या, मोझेल खालनं हाका मारत व्हती, कोंबडी थंड होतीय म्हणून.

झाडू अजून हितंच हाय, माझ्या उशाला. मुंग्या चढायला लागल्यात त्येच्यावर.

मी आता जातो. माझ्यासाठी रडू नका, पाणी तर अजिबात घालू नका. एवढंच सांगतो, तुमच्या तिकडंही तुम्ही कुणाला तरी असंच जपत असाल, रोज उठून त्येच्याभवती झाडत असाल. तर एकदा हात थांबवा आन् बघा, टोपलीत काय चाललंय.

आन् व्हर्डी, दोन सालांनी काडी ओढायला विसरू नगंस. त्या वेळी रिंगण घालू नगंस म्हणालो असतो. पण घाल बाई. बुंधा राहू दे.